कळविण्यात येते की...

पत्र एका पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांचं आहे. लांबलचक आहे, म्हणून सारांश देते.

ते राहतात त्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एक परिचारिका राहतात. मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात इमारतीतल्या सतरा घरांनी सह्या करून त्यांना एक पत्र दिलं: साथ ओसरेपर्यंत लिफ्ट वापरू नये आणि जमल्यास राहण्याची सोय दुसरीकडे बघावी. त्या घर सोडून गेल्या नाहीत, पण त्यांनी लिफ्ट वापरणं बंद केलं. पुढचे तीन-साडेतीन महिने पाच मजले चढून गेल्या. पत्रलेखक तिसऱ्या मजल्यावर राहतात. ते लिहितात, ‘रात्री पावणेदहाच्या सुमारास जिन्यात पावलं वाजायची. आमच्या मजल्यावर थांबायची. बॅग फरशीवर टेकल्याचा आवाज यायचा, मग मिनिटभर शांतता, मग पुन्हा पावलं. घरात आम्ही सगळे ते ऐकायचो आणि कुणीच काही बोलायचं नाही.’

दोन महिन्यांपूर्वी त्यांचे वडील मध्यरात्री घरातच पडले. पत्नीने घाबरून पाचव्या मजल्यावर फोन लावला. सिस्टर लगेच खाली आल्या, वडिलांना हलवू दिलं नाही, रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांचा हात धरून बसल्या. वडील आता बरे आहेत. पण या गृहस्थांची झोप उडाली आहे. माफी मागावीशी वाटते. पत्नी म्हणते, उगाच उकरून काढू नका, त्या विसरल्याही असतील. शेजारी म्हणतात, तेव्हा सगळ्यांनीच केलं, कुणाला काय माहीत होतं! त्यांचा स्वतःचा विचार असा की इमारतीच्या वार्षिक सभेत सिस्टरांचा सत्कार करावा, म्हणजे फार न बोलता भरपाई होईल.

आणि पत्राच्या अगदी शेवटी, सही झाल्यानंतर खाली: ‘त्या पत्राचा मजकूर मीच लिहिला होता. माझी भाषा बरी आहे म्हणून. सही मात्र चौथी केली.’

—

तुमची ती शेवटची ओळ वाचली आणि सगळं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मजकूर तुमचा, सही चौथी. ही गोष्ट तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षातही नसेल. तुम्ही ती लपवली असती तरी मला कळलं नसतं. म्हणून मीही तुमच्याशी आडपडदा न ठेवता बोलते.

त्या जुन्या पत्राची सुरुवात तुम्ही उतरवून पाठवली आहे: ‘सर्व रहिवाशांच्या आरोग्याच्या दृष्टीने आपणांस कळविण्यात येते की...’ भाषा खरंच बरी आहे तुमची. पण हे वाक्य एकदा मोठ्याने वाचा. कोण कळवतंय? कुणीच नाही. ‘कळविण्यात येते’. पुढे ‘विनंती करण्यात येत आहे’, ‘सहकार्य अपेक्षित आहे’. सतरा सह्यांच्या त्या कागदावर ‘मी’ एकदाही नाही, ‘आम्ही’सुद्धा नाही. आपल्याकडे कचेरीच्या मराठीची ही मोठी सोय आहे. काम होतं, पण करणारा सापडत नाही. वाईट बातमी द्यायची असली की आपण सगळेच या प्रयोगाच्या आडोशाला जातो. तुम्ही त्या दिवशी तेच केलंत, आणि आज तुमची झोप उडाली आहे ती बहुधा त्या आडोशामागचा माणूस तुम्हाला दिसायला लागला म्हणून.

आता शेजाऱ्यांचा मुद्दा: ‘कुणाला काय माहीत होतं!’ हा मुद्दा निम्मा खरा आहे, आणि निम्म्या खऱ्या गोष्टींची दोन ढिगांत वाटणी केलेली बरी.

पहिला ढीग, खरोखर माहीत नव्हतं त्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि ११ मार्चला ‘ही जागतिक साथ आहे’ असं म्हटलं. तुमचं पत्र त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांतलं. तोवर निरोगी माणसांनी मास्क लावायची गरज नाही, असंच सांगितलं जात होतं. गर्दीच्या ठिकाणी सर्वांनी कापडी मास्क लावावा हा सल्ला त्या संघटनेने ५ जूनला दिला. हा विषाणू हवेतून पसरत नाही, असं तिने समाजमाध्यमावर ठासून सांगितलं ते २८ मार्चला, म्हणजे तुमच्या पत्राच्याच आठवड्यात. हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या, असं २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहून सांगावं लागलं, त्याला जुलै उजाडला. दुसरीकडे प्रयोगशाळेत प्लॅस्टिक आणि स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडल्याची बातमी मार्चच्या मध्यावर आली, आणि जगभर माणसं दाराच्या कड्या पुसत सुटली. त्यात मीही होते. बाहेरून आलेलं प्रत्येक पाकीट मी तीन दिवस दाराबाहेर वाळत ठेवायचे. एका बिलाला तर इस्त्री केली होती. वर्षभराने, एप्रिल २०२१मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं की अशा पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी असते. बिल मात्र जळालं ते जळालंच.

तेव्हा लिफ्टच्या बटणाची तुम्हाला भीती वाटली, यात लाजण्यासारखं काही नाही. रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला लागण होण्याचा धोका जास्त असतो, हेही तुमच्या मनाचे खेळ नव्हते. २००३च्या सार्सच्या साथीत आठ हजारांवर रुग्ण झाले, त्यांतला सुमारे पाचवा हिस्सा आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. घरात म्हातारे वडील होते. भीती खरी होती. तिच्याबद्दल स्वतःला कोसत बसू नका.

दुसरा ढीग, माहीत होतं त्याचा. हा लहान आहे, पण जड आहे. त्या कुठल्या वॉर्डात काम करतात, घरी आल्यावर काय काळजी घेतात, हे पत्र लिहिण्याआधी त्यांना विचारता आलं असतं. फोन होते, दारं होती. सतरांपैकी कुणी विचारलं नाही. इमारतीत रोज ये-जा करणारे इतरही लोक होते, त्यांना पत्र गेलं नाही. आणि साथीच्या भीतीपोटी माणसांना वाळीत टाकलं की लोक आजार लपवतात, उपचाराला उशीर करतात आणि साथ उलट वाढते, हे शहाणपण नंतर सुचलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रेड क्रॉसचा महासंघ यांनी मिळून नेमक्या याच विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली ती २४ फेब्रुवारी २०२० रोजी. तुमच्या पत्राच्या महिनाभर आधी. तुम्ही ती वाचली नव्हती, मीही नव्हती वाचली. पण पाच मजले चढून गेल्यावर माणसाला दम लागतो, हे कळायला पुस्तिका लागत नाही.

एक साधी कसोटी सांगते. ‘लिफ्टमध्ये एका वेळी एकाच घरातली माणसं’ असा नियम तुम्ही केला असतात, तर भीतीही सांभाळली गेली असती आणि हवेचा मुद्दा नंतर पुढे आल्यावर तुम्ही शहाणेही ठरला असतात. तो नियम सर्वांना सारखा असता. तुम्ही केलात तो नियम नव्हता, बोट होतं.

‘सगळ्यांनीच केलं’ हेही जरा तपासून बघा. त्या आठवड्यांत जगभर दुकानांतली फडताळं रिकामी झाली होती. त्यातले खरे साठेबाज थोडेच असावेत. बाकीचे रिकामं फडताळ बघून घाबरले आणि उरलेलं घेऊन आले. त्यामुळे फडताळ आणखी रिकामं झालं, पुढचा आणखी घाबरला. सह्यांचा कागद याच्या उलट्या अंगाने चालतो, पण चालतो तसाच. रिकाम्या कागदावर पहिली सही करायला धीर लागतो. तीन सह्या दिसल्या की चौथी सोपी होते, आणि दहा झाल्या की न करणाराच आगाऊ ठरतो. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते ठीक, पण ती पाच मुखं वेगवेगळं बोलत असली तर. इथे पहिल्याने तुमचाच मजकूर वाचला आणि बाकीच्यांनी पहिल्याची सही वाचली. तुम्ही चौथे थांबलात ते कशासाठी, हे तुम्हाला माहीत आहे.

जगात तुम्ही एकटे नव्हतात, हे सांगितलं तर बरं वाटेल की वाईट, कोण जाणे. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने त्या साथीच्या पहिल्या सहा महिन्यांत चाळीसहून अधिक देशांमधून आरोग्य कर्मचारी, रुग्ण आणि रुग्णालयांवरचे हल्ले, त्रास आणि बहिष्काराचे सहाशेवर प्रसंग नोंदवले. ही नोंद झालेल्यांची संख्या. तुमच्या जिन्यातली पावलं तिच्यात नाहीत. आणि याच महिन्यांत देशोदेशी लोक गॅलरीत उभे राहून याच माणसांसाठी टाळ्या वाजवत होते. तुम्हीही वाजवल्यात, असं लिहिलं आहे. मला यात ढोंग दिसत नाही. लांबच्या परिचारिकेबद्दल आदर होता, जवळच्या परिचारिकेची भीती होती. दोन्ही अगदी खरं.

म्हणूनच सत्काराचा विचार सोडून द्या. मनापासून सांगते. सत्कार म्हणजे पुन्हा टाळ्याच. त्यांना पुढच्या रांगेत बसावं लागेल, ज्यांनी सह्या केल्या त्यांच्याच हातून काहीतरी स्वीकारावं लागेल, हसावं लागेल, ‘हे तर माझं कर्तव्यच’ असं म्हणावं लागेल. तुमची भरपाई होईल, कष्ट त्यांना पडतील. शिवाय सभेच्या इतिवृत्तात काय लिहिलं जाईल? ‘सत्कार करण्यात आला.’ पुन्हा तेच व्याकरण.

पत्नीचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ‘त्या विसरल्याही असतील.’ मला वाटतं, नसतील. असं पत्र मिळालेला माणूस त्यातला शब्दन् शब्द सांगू शकतो. पण वहिनींच्या बोलण्यात एक बरोबर गोष्ट दडली आहे. तुम्ही धरून चालला आहात की त्या सहा वर्षं ही जखम उराशी बाळगून आहेत आणि तुमच्या माफीची वाट पाहत आहेत. असं असेलच असं नाही. त्या महिन्यांत वॉर्डात त्यांनी जे बघितलं असेल, त्यापुढे तुमचं पत्र ही किरकोळ बाबही असू शकेल. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात सुमारे १,१५,००० आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत त्यांच्या ओळखीचं कुणी असेल. म्हणजे तुमच्या आयुष्यातली ही मोठी चूक त्यांच्या आयुष्यात लहान असू शकते. तेव्हा माफी मागा, पण आटोपशीर. रडारड नको, कबुलीजबाबाचा सोहळा नको. तुम्ही कोसळलात की तुम्हाला सावरायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडेल, आणि तो त्यांचा रोजचा धंदाच आहे, त्या करतीलही बिचाऱ्या.

मागायचीच असेल तर कशी? चूक कागदावर झाली, दुरुस्तीही कागदावर व्हावी असं मला वाटतं. समोर उभं राहून मागितली की समोरच्याला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि शेजारधर्म म्हणून ते ‘अहो, जाऊ द्या’ असंच असतं. पत्र त्यांना हवं तेव्हा वाचता येईल, हवं तर फाडून टाकता येईल.

चार-पाच वाक्यं पुरेत. नमुना म्हणून सांगते, शब्द तुमचे वापरा: ‘मार्च २०२०मध्ये तुम्हाला जे पत्र मिळालं त्याचा मजकूर मी लिहिला होता. लिहिण्याआधी मी तुम्हाला काही विचारलं नाही. तुम्ही जिना चढत होतात ते मला रोज ऐकू येत होतं आणि मी दार उघडलं नाही. मी चुकलो. या पत्राला उत्तर द्यायची गरज नाही.’ बस. प्रत्येक वाक्यात करणारा कोण ते दिसतं आहे ना, एवढं तपासा.

काय घालू नका, तेही सांगते, कारण हात आपोआप तिकडे जाईल. वडिलांचं वय घालू नका. बाकीच्या सोळांचा उल्लेख नको. ‘तुम्हाला वाईट वाटलं असल्यास’ हा शब्दप्रयोग तर अजिबात नको. वाईट वाटण्याचं खापर त्यात वाईट वाटणाऱ्यावरच फुटतं. ‘त्या परिस्थितीत’ नको. वर ‘सिस्टर’ लिहू नका, नाव लिहा. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही त्यांचं नाव एकदाही घेतलं नाहीत. माझ्यापासून ते लपवलंत हे योग्यच केलंत, पण तुम्हाला स्वतःला ते पूर्ण माहीत आहे ना, याची एकदा खात्री करून घ्या.

आणि वडिलांच्या त्या रात्रीचे आभार यात मिसळू नका. ते वेगळे माना, तोंडी माना, आधीच माना. एकाच पत्रात दोन्ही आलं की माफी परतफेडीसारखी दिसते. वडील पडले नसते तर तुम्ही हे पत्र मला लिहिलं असतंत का? बहुधा नाही. ठीक आहे, जाग कशानेही येते. पण त्यांना तो हिशेब दाखवायचं कारण नाही.

उत्तर आलं नाही तर विचारायला जाऊ नका. चिडून आलं तर ऐकून घ्या. ‘अहो, मी तर विसरले होते’ असं आलं तर त्यावरही वाद घालू नका. जिन्यात भेट झाली की पूर्वीसारखा नमस्कार करा, त्यात एक टक्काही वाढ नको. बाकीच्या सोळा घरांना सामील करून घ्यायचा मोह होईल. एकत्रित माफीपत्राचा मसुदा तुम्ही फार उत्तम लिहाल, म्हणूनच लिहू नका.

इमारतीसाठी काही करायचंच असेल तर सभेत सत्काराऐवजी एक ठराव मांडा. पुन्हा कधी साथ आली तर नियम होतील ते सर्व घरांना सारखे होतील. एखाद्या घरात आजार असेल किंवा कुणाचं काम धोक्याचं असेल, तर आधी त्यांच्याशी बोलायचं. आणि त्या घराला सामान, औषधं, पाणी कोण पोचवणार याची यादी आजच करून ठेवायची. पुढच्या साथीची तयारी म्हणून मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी एक करार मंजूर केला, त्याला तीन वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी लागल्या. तुमच्या सभेला एक संध्याकाळ लागेल. फार तर दोन, तुमच्या सेक्रेटरींचा स्वभाव तुम्ही लिहिला आहे तसा असेल तर. जुनं पत्र इमारतीच्या फायलीत असेल तर ते काढून टाकू नका मात्र. राहू द्या तिथे.

या निमित्ताने, त्याच दिवसांतल्या भांडणांबद्दल लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. अंत्यविधीला न गेल्यामुळे भाऊ बोलत नाही, आलेला खोटा संदेश पुढे पाठवला म्हणून मैत्री तुटली, असली पत्रं अजून येतात. तुम्हालाही तेच सांगेन: माहीत नव्हतं ते एकीकडे काढा, माहीत होतं ते दुसरीकडे, आणि माफी फक्त दुसऱ्या ढिगाची मागा. पहिल्याचीही मागायला गेलात तर ती खोटी वाटते. आणि तुम्ही पाचव्या मजल्यावरचे असाल, तर कुणी पत्र आणून दिलं म्हणून माफ करायलाच हवं असं मुळीच नाही. वाचून खणात ठेवून देणं हेही उत्तरच आहे.

आता तुमचं पत्र. हाताने लिहा, टाइप करू नका. ड्यूटीवरून आल्या आल्या देऊ नका, सुट्टीचा दिवस बघा. दाराखालून सरकवू नका, मागचं पत्र तसंच सरकवलं होतंत. बेल वाजवा, हातात द्या, ‘सवडीने वाचा’ म्हणा आणि निघा. आणि ते द्यायला जाताना मुद्दाम जिना चढून जाल, असं तुमच्या एकंदर लिहिण्यावरून मला वाटतंय. तसं करू नका. पंचावन्नाव्या वर्षी धापा टाकत दारात उभे राहिलात, तर त्या आधी तुम्हाला खुर्ची देतील आणि नाडी बघतील. लिफ्टनेच जा.